शेजारी दिसतो, खरं रस्ता दिसत नाही

वाचकांचे प्रश्न, नेटवर्कवाल्याची उत्तरं

या महिन्यातली बहुतेक पत्रं राउटिंगची आहेत. पाऊस लागला की आपल्या भागात हे होतंच. लिंका पडतात आणि जो तो कॉन्फिगरेशनला हात घालतो. राउटर किती वेळा बंद-चालू केला ते सगळ्यांनी लिहिलंय, खरं शेजारचा राउटर कुठल्या अवस्थेत अडकलाय हे अगदी थोड्यांनी लिहिलंय. ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना विचारून रस्ते ठरवायची पद्धत, आपलं दुखणं स्वतः सांगतं. डाउन, इनिट, टू-वे, एक्सस्टार्ट, एक्सचेंज, लोडिंग, फुल या शेजाऱ्याशी जुळण्याच्या त्याच्या नेहमीच्या पायऱ्या. तो ज्या पायरीवर थांबला, तिथूनच शोधायला लागायचं. बाकी सगळं नंतर.

प्रश्न : सर, आमचा खानापुरात केबल आणि इंटरनेटचा व्यवसाय आहे. मुख्य राउटर बेळगावात उद्यमबागला, तिथून खानापूरपर्यंत भाड्याने घेतलेली लाइन. इतके दिवस स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेल्या, रूटवर चाललं. गावं वाढली म्हणून आता ओएसपीएफ घातलं. पिंग एकदम चांगलं, एक पॅकेट पडत नाही, खरं शेजारी एक्सस्टार्टवरच बसून राहतो. मध्येच पडतो, परत एक्सस्टार्ट. एका मित्राने एमटीयू-इग्नोर (एमटीयूचा फरक न बघायची आज्ञा) टाकायला सांगितलं. टाकलं, लगेच फुल झालं. आता ठीक आहे ना?
– एक केबलचालक, खानापूर

उत्तर : ठीक नाही, दादा. फुल झालं म्हणून आज झोप लागेल, खरं दुखणं आत तसंच आहे.

शेजारी एक्सस्टार्टपर्यंत आला याचा अर्थ हॅलो (ठरावीक वेळाने ‘मी आहे’ सांगणारी पॅकेटं) दोन्हीकडून पोचले, एरिया (नेटवर्कचा गट) जुळला, टायमर जुळले, पासवर्ड असेल तर तोही जुळला. तिथवर तुमचं काम बिनचूक आहे. त्यापुढे दोघं आपापल्या डेटाबेसची यादी एकमेकांना द्यायला लागतात, आणि त्या यादीच्या पॅकेटात प्रत्येक जण आपल्या पोर्टचा एमटीयू, म्हणजे सगळ्यात मोठं किती बाइटांचं पॅकेट पेलतं तो आकडा, लिहून पाठवतो. आपण वापरतो त्या ओएसपीएफचे नियम १९९८ च्या आरएफसी २३२८ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की समोरच्याने कळवलेला आकडा माझ्या पोर्टला पेलणारा नसेल तर ती यादी मी घ्यायचीच नाही. म्हणून एक टोक एक्सस्टार्टवर, दुसरं कधी एक्सचेंजवर रुतून बसतं. पाठवून पाठवून थकलं की शेजारी पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सिस्को कंपनीच्या राउटरच्या लॉगमध्ये तेव्हा ‘टू मेनी रिट्रान्समिशन्स’ असं येतं.

मग पिंग कसं चाललं? साधं पिंग म्हणजे सायकल. रेल्वेच्या पुलाखालून सायकल गेली म्हणून उसाने भरलेली ट्रॉली जाईल असं नाही. ट्रॉलीच पाठवून बघा. पॅकेट मोठं करा आणि ‘तोडू नको’ अशी खूण लावा. सिस्को किंवा मिक्रोटिकवरून पाठवत असाल तर साइझ १५०० द्या. विंडोजवरून पाठवत असाल तर १४७२, कारण तिथे आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वरून लागतात. या फरकावर भल्याभल्यांचा अर्धा दिवस जातो. १५०० जात नसेल तर एकेक पायरी उतरत या. १४९६ ला गेलं तर मधल्या कुठल्यातरी स्विचवर व्हीलॅनच्या खुणेच्या (एकाच तारेवरची वेगळी नेटवर्कं ओळखण्यासाठी) ४ बाइटांची जागा धरलेली नाही असा माझा पहिला संशय असेल. जो आकडा पार होईल तो तुमच्या लाइनीचा खरा आकडा. दोन्ही टोकांना तोच लावा, मग इग्नोर काढा, आणि लाइन देणाऱ्यांना हा आकडा लेखी कळवा. करारात १५०० लिहिलेलं असेल तर ते भरून मागण्याचा तुमचा हक्क आहे.

इग्नोर काढा असं मी इतकं निक्षून सांगतोय, कारण मी तो टाकलेला आहे. संकेश्वरकडच्या एका साखर कारखान्याचं काम होतं. एका टोकाच्या स्विचवर कुणीतरी जम्बो फ्रेमसाठी (मोठ्या पॅकेटांसाठी) ९००० लावून ठेवलेलं, दुसऱ्या टोकाला १५००. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी इग्नोर टाकला, फुल बघितलं आणि घरी आलो. पाच-सहा महिने काही झालं नाही. मग गाळप सुरू झालं, वजनकाटे आणि गट कार्यालयं नव्याने जोडली गेली, आणि एका पहाटे फायबर तुटली. लाइनमनने ती जोडून फोन केला, ‘सर, लिंक बंतु.’ लिंक आली होती, ते खरंच. पोर्ट वर होतं, खरं शेजारी फुल होईना. वजनकाटा बंद, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, थंडीत कुडकुडणारे गाडीवान. ती रांग अजून डोळ्यांसमोर आहे.

असं का झालं ते कागदावर मांडल्यावर कळलं. यादीतली एक नोंद २० बाइटांची असते. १५०० मधून आयपीचे २०, ओएसपीएफच्या हेडरचे २४ आणि यादीच्या हेडरचे ८ वजा करा. उरले १४४८, म्हणजे एका पॅकेटात ७२ नोंदी मावतात. कारखान्याच्या नोंदी ७२ च्या आत होत्या तोवर ९००० वालं टोकसुद्धा छोटंच पॅकेट पाठवत होतं. नवी ठिकाणं जोडली आणि त्याची यादी १५०० च्या वर गेली. तरी त्या दिवशी कुणाला पत्ता लागला नाही, कारण अख्खी यादी फक्त नव्याने जुळणी होताना पाठवली जाते. ती वेळ आली फायबर तुटली तेव्हा. तुमची आता किती गावं जोडलेली आहेत ते मोजा, दादा, आणि पुढच्या वर्षी किती होणार तेही मोजा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर अशा तीन शाखा, मुख्य कार्यालय निपाणीला. चिकोडीचा जुना राउटर काढून दुसऱ्या कंपनीचा बसवला. शेजारी दोन्हीकडे फुल दाखवतो. डेटाबेसमध्ये चिकोडीची नोंद दिसते, खरं राउटिंग टेबलात चिकोडीचं एकही नेटवर्क येत नाही. दोन दिवस झाले, कॅशियर वहीवर लिहितायत.
– शाखांचे कॉम्प्युटर सांभाळणारा, निपाणी

उत्तर : डेटाबेस आणि टेबल तुम्ही वेगवेगळं बघितलंत, त्यामुळे माझं अर्धं काम झालं.

फुल म्हणजे रस्ता मिळाला असं नव्हे. दोघांच्या हातात कागदांचा सारखाच गठ्ठा आला, एवढाच त्याचा अर्थ. त्या गठ्ठ्यातून रस्ता प्रत्येक राउटर आपला आपण काढतो, डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये छापलेल्या रीतीने. रस्ता काढताना तो एक गोष्ट कटाक्षाने बघतो. निपाणी म्हणते मी चिकोडीला जोडलेली आहे. मग चिकोडीच्या कागदावर तसंच लिहिलंय का? दोन्ही कागद जुळले तरच ती वाट धरायची, नाहीतर सोडून द्यायची.

तुमच्या एका टोकाच्या पोर्टचा नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट असणार आणि दुसऱ्याचा पॉइंट-टू-पॉइंट. कंपनी बदलली की हे हमखास होतं. घोळ असा की दोन्ही टाइपांत हॅलो १० सेकंदांचा आणि डेड टायमर (हॅलो न आल्यास शेजारी मेला असं धरायची मुदत) ४० चाच असतो. मास्कही (नेटवर्कचं माप) सारखा असला की हॅलोला कसलीच हरकत नसते आणि शेजारी खुशाल फुल होतो. कागद मात्र जुळत नाहीत. ब्रॉडकास्टवाला लिहितो, मी एका सामायिक नेटवर्कला जोडलोय. पॉइंट-टू-पॉइंटवाला लिहितो, मी थेट अमुक राउटरला जोडलोय. शेताच्या बांधाचं बघा. एकाच्या उताऱ्यावर बांध सामायिक आणि शेजाऱ्याच्या उताऱ्यावर त्याची नोंदच नाही, तर मोजणीदार त्यावरून वाट आखत नाही. दोघं रोज एकमेकांना रामराम घालत असले तरी नाही.

दोन्ही राउटरवर ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ किंवा त्याच्या जोडीची आज्ञा चालवा आणि नेटवर्क टाइपची ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचा. सिस्को असेल तर डेटाबेसमध्ये त्या नोंदीवर ‘ॲडव्हर्टायझिंग राउटर इज नॉट रीचेबल’ असंही लिहिलेलं मिळेल. दोनच राउटर असलेल्या लाइनीवर दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट लावा. डीआर (त्या नेटवर्कचा मुख्य राउटर) निवडायची भानगड राहत नाही, आणि लाइन परत आल्यावर त्या निवडणुकीसाठीची ४० सेकंदांची वाट बघणंही वाचतं.

टाइप जुळूनही चिकोडी कधी दिसते, कधी गायब होते असं झालं, तर राउटर आयडी तपासा. नवा राउटर बसवताना संकेश्वरच्या कॉन्फिगरेशनची नक्कल मारून त्यातला आयडी तसाच ठेवलेला असतो. मग दोन शाखा एकाच नावाने नोंदी पाठवतात, एकमेकींच्या नोंदी खोडत बसतात, आणि निपाणीला कुणाचं खरं मानावं ते कळत नाही.

प्रश्न : मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला एका स्विचवर चार राउटर जोडून ओएसपीएफ केलं. पिंग सगळीकडून सगळीकडे जात होतं, पण दोन राउटर एकमेकांशी टू-वेमध्येच राहिले. परीक्षकांनी जोडणी अपुरी म्हणून गुण कापले. माझी चूक काय झाली?
– एक विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : ताई, तुमची काही चूक झाली नाही. एका स्विचवर चार राउटर असले की एक डीआर होतो, एक बीडीआर (त्याचा राखीव), आणि उरलेले दोघं फक्त या दोघांशी फुल होतात. आपापसात ते टू-वेवरच राहतात, तसेच राहायला हवेत. चार राउटरांच्या जोड्या सहा, त्यातल्या पाच फुल आणि एक टू-वे. दहा राउटर असते तर जोड्या ४५ आणि फुल फक्त १७. सगळ्यांनी सगळ्यांशी याद्यांची देवघेव करू नये म्हणूनच ही रचना आहे. आरएफसी २३२८ मधला शेजाऱ्यांच्या अवस्थांचा भाग छापून घ्या आणि सरांना नम्रपणे दाखवा. चारही राउटर टू-वेमध्ये अडकले असते तर मात्र दोष होता. सगळ्यांची डीआर होण्याची प्रायॉरिटी शून्य ठेवली तर डीआर कुणीच होत नाही, तेव्हा तसं दिसतं.

प्रश्न : आमचं छोटं इंटरनेट आहे. आयआरआयएनएन या भारतातल्या नोंदणी संस्थेकडून स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख) मिळाला. दोन कंपन्यांकडून बँडविड्थ घेतलीय. पहिल्या कंपनीशी बीजीपी (वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कांनी एकमेकांना रूट सांगायची पद्धत) लगेच जमलं. दुसरीकडे दोन दिवस ‘ॲक्टिव्ह’ दाखवतंय, म्हणजे चालू आहे ना? मग रूट का येत नाहीत?
– एक सेवादाता, अथणी

उत्तर : ॲक्टिव्ह या शब्दाने पुष्कळांना चकवलंय. बीजीपीत ॲक्टिव्ह म्हणजे अजून जमलेलं नाही, समोरचा फोन उचलत नाही. जमल्यावर ‘एस्टॅब्लिश्ड’ येतं. बीजीपी टीसीपीच्या १७९ नंबरच्या पोर्टवर बोलतं, त्यामुळे आधी समोरचा पत्ता पिंग होतोय का बघा, मग १७९ तुमच्या किंवा त्यांच्या फायरवॉलमध्ये अडतोय का ते. त्यांनी शेजारी म्हणून तुमचा जो पत्ता लिहून घेतलाय त्याच पत्त्यावरून तुम्ही बोलताय ना? आणि मध्ये एखादा जास्तीचा राउटर आहे का? दुसऱ्या एएसशी बोलताना बीजीपी एरवी टीटीएल १ ठेवतं, म्हणजे शेजारच्या दारापलीकडे पॅकेट जात नाही. तिथे मल्टिहॉप लावावं लागतं. एएस नंबर चुकलेला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. बोलणं सुरू होऊन ‘ओपनसेंट’पर्यंत जातं आणि लगेच तुटतं.

दोन दिवस अडलंय तर या वेळेत एक काम करून ठेवा. दोन्ही कंपन्यांकडे काय जाहीर करायचं त्याची गाळणी लिहा, फक्त आपले स्वतःचे प्रीफिक्स (पत्त्यांचे गट), दुसरं काही नाही. गाळणीशिवाय दुसरी कंपनी जोडलीत तर पहिलीकडून आलेले जगभरचे रूट तुम्ही दुसरीला जाहीर कराल, आणि तिकडची गर्दी अथणीच्या तुमच्या लाइनीतून जायला निघेल. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा रूट घातला आणि तो बाहेर सुटला. यूट्यूब स्वतः /२२, म्हणजे त्याहून मोठा गट, जाहीर करत होतं. राउटर नेहमी जास्त नेमका रूट धरतात, त्यामुळे जगातल्या मोठ्या भागाची यूट्यूबची पॅकेटं पाकिस्तानकडे वळली. एक ओळ गाळली गेली नाही म्हणून एवढं घडलं. गाळणी आधी, शेजारी नंतर.

प्रश्न : खानापूरच्या टॉवरवरून जांबोटीच्या टेकडीवर आमचा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ आहे, पुढे कणकुंबीकडे. उन्हाळ्यात सुरळीत होतं. पाऊस लागल्यापासून ओएसपीएफचा शेजारी दिवसातून वीस-पंचवीस वेळा पडतो, लॉगमध्ये डेड टायमर संपला म्हणून येतं. रेडिओ मात्र जोडलेला दिसतो. डेड टायमर वाढवू का?
– टॉवरची कामं करणारा, जांबोटी

उत्तर : तुमच्याकडचा पाऊस मला माहीत आहे, दादा. त्या टेकडीवर ओल्या शिडीने चढणाऱ्या माणसाला सल्ला देताना जपूनच द्यायला हवा.

पावसाचं पाणी मुख्यतः १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लिंकांना खातं. ५ ला सरी तेवढ्या बाधत नाहीत. बाधतं ते कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, वाटेतली ओली वाढलेली झाडं आणि वाऱ्याने किंचित फिरलेली डिश. त्यामुळे सिग्नल थोडा उतरतो, लिंक तुटत नाही, खरं हॅलो मरतात. कारण हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पाठवायच्या) पत्त्यावर जातो. वायफायच्या जातीच्या रेडिओत मल्टिकास्ट पॅकेटची पोच मिळत नाही. गेलं तर गेलं, हरवलं तर परत पाठवायचं नाही. साध्या पॅकेटची पोच आली नाही तर रेडिओ ते पुन्हा पाठवतो. म्हणून तुमचं ब्राउझिंग चालतं आणि शेजारी पडतो. ओळीने चार हॅलो हरवले की ४० सेकंद संपले.

खात्री करून घ्या. खानापूरच्या राउटरवरून जांबोटीच्या लिंकच्या पत्त्यावर सतत पिंग लावून ठेवा. शेजारी पडला तेव्हा पिंगही तुटलं असेल तर मी म्हणतोय ते कारण नाही, वीज किंवा केबल बघा. पिंग चालूच राहिलं असेल तर मल्टिकास्ट. शेजारी पडल्यावर जांबोटीचा राउटर इनिट दाखवत असेल तर खानापूरचा हॅलो त्याला ऐकू येतोय, त्याचा खानापूरला पोचत नाहीये. मग जांबोटीकडून जाणारी बाजू कमजोर आहे, आणि कुठल्या टोकावर चढायचं तेही ठरतं.

डेड टायमर वाढवायला माझी सरसकट मनाई नाही. कणकुंबीला दुसरी वाटच नसेल तर वाढवून फारसं बिघडत नाही. दुसरी वाट असेल तर मात्र लिंक खरोखर मेल्यावरही दोन-दोन मिनिटं पॅकेटं मेलेल्या वाटेने जात राहतील. त्यापेक्षा दोन्ही टोकांना नेटवर्क टाइप एनबीएमए (मल्टिकास्ट न वापरणारा) करा आणि समोरच्याचा पत्ता शेजारी म्हणून हाताने लिहा. मग हॅलो थेट त्या पत्त्यावर जातो, त्याची पोच मिळते. सिस्कोवर एनबीएमएचे टायमर मूळचे ३० आणि १२० असतात, ते दोन्हीकडे हाताने १० आणि ४० करा. एका टोकाची प्रायॉरिटी १ असू द्या, दोन्हीकडे शून्य ठेवू नका. काही रेडिओंत मल्टिकास्टचं युनिकास्ट (थेट एकाच पत्त्यावर) करून पाठवायची सोय असते. ती असेल तर राउटरला हात लावायच्या आधी तीच चालू करून बघा.

बदल करताना जांबोटीचं टोक आधी करा, खानापूरचं नंतर. आणि घरून लॉगिन करून नाही, तर खानापूरच्या राउटरच्या आत शिरून, तिथून जांबोटीच्या लिंकच्याच पत्त्यावर. शेजारी पडला तरी तो पत्ता थेट जोडलेला असल्यामुळे पोचत राहतो. मिक्रोटिक असेल तर सेफ मोड (संपर्क तुटला तर बदल मागे घेणारा) चालू ठेवा. सिस्को असेल तर आधी ‘रीलोड इन १०’ द्या, नवं काही सेव्ह करू नका, आणि सगळं नीट आलं की रीलोड रद्द करून मगच सेव्ह करा. तेवढ्यात संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप जुन्या जागी येईल आणि पावसात टेकडी चढावी लागणार नाही.